कन्सोलवर व्हिडिओचा दर्जा सारखा वरखाली होतोय, कुठून सुरुवात करू?

पिक्सेलपंत | शनिवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. पंधरा दिवस डोकं उठलंय, म्हणून धागा काढतोय.

टीव्हीला जोडलेला गेम कन्सोल आम्ही खेळण्यापेक्षा सिनेमे-मालिका बघायलाच जास्त वापरतो. जरा जुन्या पिढीचा आहे. नेट १०० एमबीपीएसचं, राउटर शेजारच्या खोलीत, मध्ये एकच भिंत. आत्तापर्यंत कधी तक्रार नव्हती. आता सिनेमा लावला की पहिली दोन-चार मिनिटं चित्र आरशासारखं लख्ख. मग अचानक सगळ्यांचे चेहरे मेणाचे. अर्ध्या मिनिटाने परत लख्ख. परत मेण. गंमत म्हणजे थांबत मात्र नाही, ते गोल फिरणारं चक्र क्वचितच दिसतं.

आत्तापर्यंत काय काय केलं: कन्सोल बंद-चालू, राउटर बंद-चालू, अ‍ॅप काढून परत टाकलं, एका व्हिडिओत बघून डीएनएस बदलला, त्याच व्हिडिओतल्या गृहस्थांनी सांगितलं म्हणून एमटीयू १४७३ केला. हे सगळं केल्यावर तासभर छान चाललं. वाटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. कन्सोलच्या शेजारी बसून, त्याच वायफायवर, तोच सिनेमा फोनवर लावला तर एकदाही बिघडत नाही. म्हणजे कन्सोलच गेला का?

शंकासूर | शनिवार, रात्री ११:३१

डीएनएस ८.८.८.८ करा. माझं झालं होतं.

पिक्सेलपंत | शनिवार, रात्री ११:३४

तेच केलंय हो.

शंकासूर | शनिवार, रात्री ११:३५

मग १.१.१.१ करून बघा.

कोपऱ्यातली | शनिवार, रात्री ११:५०

वाचतेय. आमच्याकडेही थोडंफार असंच आहे, पण सगळे म्हणतात तुझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय.

वायरमन | रविवार, सकाळी ८:०५

पंत, राग मानू नका, पण एका बैठकीत पाच गोष्टी बदलल्या की सुधारणा झाली तरी कशामुळे झाली ते कळत नाही आणि नाही झाली तरी काही कळत नाही. तुमचा तो छान गेलेला तास बहुतेक योगायोग होता.

आधी चित्र का बिघडतं ते बघू. व्हिडिओ अखंड धारेसारखा येत नाही. सर्व्हरवर त्याचे साधारण २ ते १० सेकंदांचे तुकडे करून ठेवलेले असतात, आणि प्रत्येक तुकडा पाच-सहा वेगवेगळ्या दर्जांत तयार असतो. असे तुकडे पाठवायची पद्धत म्हणून २००९ मध्ये अ‍ॅपलचं एचएलएस आलं, २०१२ मध्ये डॅश हे मानक आलं. आज बहुतेक अ‍ॅप्स याच दोन वाटांनी चालतात. तुमच्या कन्सोलवरचा प्लेअर एक तुकडा उतरवतो, त्याला किती वेळ लागला ते मोजतो, गाठीशी किती सेकंदांचा साठा आहे ते बघतो आणि पुढचा तुकडा कुठल्या दर्जाचा मागायचा ते ठरवतो. वेग पडला की हलका तुकडा मागतो. तेच तुमचं मेण. वेग आला की परत जड तुकडा.

म्हणजे चित्र वरखाली होतंय पण थांबत नाही, याचा अर्थ प्लेअर त्याचं काम चोख करतोय. वरखाली होतोय तो वेग. प्रश्न एवढाच, की तो राउटरच्या अलीकडे, म्हणजे घरात पडतोय, की पलीकडे.

डीएनएसबद्दल: ती पत्त्यांची वही आहे. वही बदलून रस्ता रुंद होत नाही. उलट कधी कधी नवी वही तुम्हाला लांबच्या सर्व्हरचा पत्ता देते, कारण बऱ्याच व्हिडिओ सेवा डीएनएसची विचारणा कुठून आली यावरून जवळचा सर्व्हर ठरवतात. शंकासूर यांचं काम झालं असेल तर आधीची वही खराब असेल, शक्य आहे. पण ते सगळ्यांचं औषध नाही. आणि एमटीयू म्हणजे माहितीच्या एका पाकिटाचा कमाल आकार. त्याचा १४७३ हा आकडा वर्षानुवर्षं या धाग्यातून त्या धाग्यात फिरतोय. त्याने तुमचा वेग असा दर मिनिटाला वरखाली होणार नाही.

आता एवढंच करा:

कन्सोलच्या सेटिंगमध्ये नेटची चाचणी असते. दोन-दोन मिनिटांनी पाच वेळा चालवा आणि पाचही आकडे इथे लिहा. सरासरी नको, पाचही. नंतर कन्सोलवरच्या यूट्यूबमध्ये एखादा व्हिडिओ लावून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ चालू करा. त्यात ‘कनेक्शन स्पीड’ आणि ‘बफर हेल्थ’ (गाठीशी किती सेकंदांचा साठा आहे ते) अशा दोन ओळी असतात. चित्र बिघडतं त्या क्षणी त्या काय म्हणतात ते बघा. शेवटचं, कुठूनही एक लॅन केबल मिळवा, घरभर लोळली तरी चालेल, आणि कन्सोल तासभर केबलवर चालवा.

तोवर दुसरं काहीही बदलू नका. हात शिवशिवले तरी.

गोगलगाय | रविवार, सकाळी ९:४०

मध्येच विचारते, माझ्याकडे कन्सोल पहिल्यापासून केबलवरच आहे, तरी रात्री नऊनंतर दर्जा पडतो. दिवसभर ठीक. मग वायफायचा दोष कसा?

वायरमन | रविवार, सकाळी ९:५२

तुमचं दुखणं वेगळं दिसतंय. याच धाग्यात बघू, पण पंतांचं आधी संपू दे, नाहीतर दोघांच्या गोळ्या एकमेकांना जातील.

पिक्सेलपंत | रविवार, दुपारी २:१७

घ्या आकडे. वायफायवर पाच वेळा: ३८, ६, २२, ४, ३१.

स्टॅट्समध्ये चित्र बिघडायच्या आधी बफर हेल्थ ४० सेकंदांवरून घसरत १० च्या आसपास येते, कनेक्शन स्पीडचा आलेख तर दातांच्या करवतीसारखा.

केबल: माळ्यावर एक जुनी मिळाली. दारातून, गालिच्यावरून, दोघांना अडखळवत नेली. पाच वेळा: ९३, ९४, ९३, ९४, ९४. अख्खा सिनेमा एकदाही मेण न होता बघितला. सव्वादोन तास.

पण केबल कायम अशी ठेवता येणार नाही. तशी ठेवली तर मलाच घराबाहेर ठेवतील.

वायरमन | रविवार, दुपारी २:४०

उत्तम. म्हणजे नेट पुरवणारे सुटले, व्हिडिओचं अ‍ॅप सुटलं, कन्सोलही जवळजवळ सुटला. गुन्हेगार राउटर आणि कन्सोलच्या मधल्या हवेत आहे.

आकडे नीट बघा. नेटफ्लिक्स १०८० पीसाठी ५ एमबीपीएस सुचवतं, फोरकेसाठी १५. तुमच्या पाच आकड्यांची सरासरी २० आहे, म्हणजे कागदावर सगळं झकास. पण त्यातला ४ घात करतो. सरासरी विचारू नका म्हटलं ते यासाठी. स्ट्रीमिंगला सर्वात वाईट आकडा महत्त्वाचा.

दुसरी गोष्ट, तुमचा कन्सोल ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतो का? जुन्या पिढीतल्या बऱ्याच कन्सोलना फक्त २.४ येतं. पहिला प्लेस्टेशन ४ आला २०१३ मध्ये, त्यालाही २.४ च होतं. ५ गिगाहर्ट्झ २०१६ च्या स्लिम आणि प्रोमध्ये आलं. तुमचा फोन मात्र हमखास ५ वर असणार. तसं असेल तर फोन आणि कन्सोल ‘त्याच वायफायवर’ नाहीत, नाव एक असलं तरी रस्ते दोन आहेत.

पिक्सेलपंत | रविवार, दुपारी २:५८

बघितलं. बरोबर! कन्सोल फक्त २.४ वाला. फोन ५ वर. इतके दिवस मी फोन दाखवून कन्सोलला टोमणे मारत होतो.

शंकासूर | रविवार, दुपारी ३:१०

मग राउटरचा चॅनेल बदला. १, ६, ११.

वायरमन | रविवार, दुपारी ३:२२

हे मात्र शंकासूर बरोबर बोलले. २.४ मध्ये २० मेगाहर्ट्झच्या रुंदीचे, एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. राउटरवर ४० ची रुंदी लावली असेल तर ती २० करा. घरात गर्दी असेल तर रुंद रस्ता म्हणजे जास्त भांडणं.

पण पंत, त्याआधी एक. राउटरमध्ये २.४ आणि ५ ला वेगवेगळी नावं द्या, फोन मुद्दाम २.४ वर आणा आणि कन्सोलच्या अगदी जवळ ठेवून मोजा. मग फोन उचलून दोन-तीन पावलं मागे येऊन मोजा.

पिक्सेलपंत | रविवार, सायंकाळी ६:०५

चॅनेल ११ होता, ६ केला, १ केला, रुंदी २० केली. उन्नीस-बीस फरक.

फोनचं मात्र नवल झालं. कन्सोलच्या पाठीमागे ठेवला: ७ एमबीपीएस. तिथून सोफ्यावर आलो, म्हणजे राउटरपासून उलट लांब गेलो: ४१. परत मागे: ९. परत सोफा: ३९. आणि दोन्ही ठिकाणी वायफायच्या काड्या पूर्ण! हे काय भूत आहे?

कोपऱ्यातली | रविवार, सायंकाळी ६:२०

अगंबाई. आता सोडवत नाही हा धागा.

वायरमन | रविवार, सायंकाळी ६:३१

काड्या पूर्ण, वेग नाही. फारच चांगली खूण मिळाली.

त्या काड्या राउटरचा आवाज किती मोठा येतोय तेवढंच सांगतात. आजूबाजूला गोंगाट किती आहे ते सांगत नाहीत. समोरचा माणूस तेवढ्याच मोठ्याने बोलतोय, पण तुमच्या कानाशी मिक्सर सुरू झालाय. काडी तीच, शब्द कळत नाही. मग राउटर तेच वाक्य चार वेळा बोलतो, आणि प्रत्येक वेळी जरा सावकाश.

मिक्सर कन्सोलच्या मागे आहे. काय काय लावलंय तिथे? एकेक सांगा.

पिक्सेलपंत | रविवार, सायंकाळी ६:४४

एचडीएमआय, वीज, कंट्रोलर चार्ज करायची वायर, आणि गेम ठेवायला बाहेरची हार्ड डिस्क. डिस्क नवी आहे, घेऊन... थांबा.

घेऊन पंधरा-सोळा दिवस झालेत.

वायरमन | रविवार, सायंकाळी ६:४६

यूएसबी ३?

पिक्सेलपंत | रविवार, सायंकाळी ६:४७

निळ्या तोंडाची. हो.

वायरमन | रविवार, सायंकाळी ६:५०

कन्सोल नीट बंद करा (चालू असताना डिस्क ओढू नका, गेम जातील), डिस्क काढा, चालू करा, पाच वेळा मोजा.

पिक्सेलपंत | रविवार, सायंकाळी ७:१५

४०, ४१, ३८, ४१, ४०.

शब्द नाहीत. डिस्क परत लावली: ११, ५, ३३. काढली: ४०, ४१.

वायरमन | रविवार, रात्री ८:०२

लावून-काढून दोन्हीकडून तपासलंत हे फार छान केलंत. आता योगायोग म्हणायला जागा नाही.

झालं काय ते सांगतो, कारण हा प्रकार ऐकून लोक हसतात. यूएसबी ३.० च्या तारेतून सेकंदाला ५ गिगाबिट या वेगाने माहिती जाते. एवढ्या वेगाने उड्या मारणारी तार अँटेनासारखी वागते आणि तिचा गोंगाट रुंद पट्ट्यात पसरतो. २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय नेमकं त्या पट्ट्यात बसलंय. इंटेलने २०१२ मध्ये यावर रीतसर टिपणच काढलं होतं, बिनतारी माऊसपासून वायफायपर्यंत कोणाला कसा त्रास होतो त्याचं. म्हणजे हा कोणा एका डिस्कवाल्याचा किंवा कन्सोलवाल्याचा दोष नाही. तारेवरचं आणि जोडणीवरचं धातूचं आवरण जितकं कच्चं, तितका त्रास जास्त. यूएसबी २ चा वेग ४८० मेगाबिट, त्यामुळे तिचा गोंगाट त्या पट्ट्यात असा पसरत नाही. आणि ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला हा गोंगाट फारसा पोचत नाही. तुमचा फोन म्हणूनच साळसूद होता.

सतत न होता अधूनमधून का? जोडणी जागी असते तेव्हा गोंगाट, झोपली की शांत. कन्सोल मागच्या मागे गेमचं अपडेट डिस्कवर उतरवत असेल, तर एकीकडे तो नेटही खातो आणि दुसरीकडे हवाही नासवतो. दुहेरी मार.

उपाय सोपे आहेत. डिस्क कन्सोलच्या पाठीला चिकटवून ठेवू नका. चांगल्या आवरणाच्या मीटरभर केबलवर तिला दूर करा, शक्यतो कन्सोलचा अँटेना ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूला. जमत असेल तर लॅन केबल भिंतीच्या कडेने कायमची टाका, त्याला तोड नाही. यूएसबी २ चा मार्ग आहे, पण गेम साठवायला काही कन्सोल यूएसबी ३ च मागतात. कंट्रोलरचं ब्लूटूथही २.४ मध्येच असतं. त्यामुळे हल्ली खेळताना कंट्रोलर अडखळत असेल, तर तेही याच्याच खात्यावर.

पिक्सेलपंत | रविवार, रात्री ८:१०

कंट्रोलर अडखळतो!! मुलगी म्हणत होती, मी तिला म्हटलं खेळता येत नाही म्हणून कारणं सांगतेस. आता माफी मागायला जातो.

कोपऱ्यातली | रविवार, रात्री ८:२५

माझं आता. चेहरे वगैरे मेणाचे होत नाहीत, सगळं स्वच्छ असतं, पण कॅमेरा हळू बाजूला सरकतो तेव्हा पार्श्वभूमी गचके खाते. सिनेमातच. बातम्या ठीक दिसतात.

वायरमन | रविवार, रात्री ८:४०

चष्म्याचा नंबर ठीक आहे तुमचा. हे नेटचं नाहीच. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, कन्सोल टीव्हीला बहुधा ६० ने पाठवतोय. २४ ने ६० ला पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा, असं वाढलं जातं. सावकाश सरकणाऱ्या दृश्यात तोच गचका दिसतो. कन्सोलच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये २४ हर्ट्झचा पर्याय असेल तर चालू करा. नसेल तर टीव्हीत बघा. स्टॅट्समध्ये ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ वाढत नसतील तर नक्की हेच.

गोगलगाय | रविवार, रात्री ९:१८

आता माझा नंबर? नऊ वाजले आणि बघा, पडला दर्जा. केबल आहे, यूएसबीला काहीही नाही.

वायरमन | रविवार, रात्री ९:२४

लगेच मोजा, वेळ सोन्याची आहे. लॅपटॉप राउटरला केबलने जोडून फास्ट डॉट कॉम उघडा. ही नेटफ्लिक्सची चाचणी आहे, त्यांच्याच सर्व्हरकडून मोजते. ‘आणखी माहिती’ दाबलंत की ‘लेटन्सी’चे, म्हणजे उत्तर परत यायला किती मिलिसेकंद लागतात त्याचे, दोन आकडे दिसतील, एक नेट मोकळं असतानाचा, एक भार असतानाचा. खाली अपलोडचाही वेग येईल.

गोगलगाय | रविवार, रात्री ९:३३

डाऊनलोड १४ (दिवसा ५० असतं). मोकळं असताना २१०, भार असताना ६४०. अपलोड ०.८. अपलोड एरवी १० असतं.

वायरमन | रविवार, रात्री ९:४१

मोकळं असतानाच २१० मिलिसेकंद, आणि अपलोड गायब. घरातलं कोणीतरी या क्षणी बाहेर भरभरून पाठवतंय. नऊ वाजता काय होतं? फोन चार्जिंगला लागतात का?

गोगलगाय | रविवार, रात्री ९:५५

तिघांचे फोन. आणि तिघांचेही चार्जिंगला लागले की फोटो वर चढवतात. बंद केले. डाऊनलोड ४९, लेटन्सी १८. पण मला कळत नाही, ते तर वर जातंय, माझा सिनेमा खाली येतोय. त्यांचा काय संबंध?

वायरमन | रविवार, रात्री १०:२०

तुकडा खाली आला की कन्सोल ‘मिळाला, पुढचा द्या’ अशी पोच वर पाठवतो. पोच वेळेवर पोचली नाही तर समोरचा हात आखडता घेतो. तुमच्या अपलोडच्या रांगेत तिघांचे फोटो हजारोंनी उभे, आणि ती इवलीशी पोच शेपटाला. राउटर किंवा मोडेम रांग लांबवत जातो, कोणालाही परत पाठवत नाही, म्हणून सगळ्यांनाच उशीर. याला बफरब्लोट म्हणतात.

राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ किंवा ‘एफक्यू-कोडेल’ असा रांग आवरणारा पर्याय असेल तर चालू करा (एफक्यू-कोडेलचं मानकपत्र २०१८ मध्ये आलं, आरएफसी ८२९०). त्यात अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवा, म्हणजे रांग मोडेमात न साचता राउटरच्या ताब्यात राहते आणि पोच पुढे सरकते. तसा पर्याय नसेल तर फोटोंना पहाटेची वेळ द्या. तेवढ्यानेही भागतं.

आणि फोटो बंद असूनही कधी पडलं, तर घरातल्या एका संगणकावरून राउटरला पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) लावा आणि दुसऱ्या खिडकीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला. राउटरचा आकडा १-२ वर शांत आणि बाहेरचा उड्या मारतोय, तर आकड्यांसकट नेट पुरवणाऱ्यांकडे जा. नुसतं ‘स्लो आहे’ म्हटलं तर ते राउटर बंद-चालू करायला सांगतील.

गोगलगाय | रविवार, रात्री १०:२६

सांगितलंच होतं. चार वेळा.

पिक्सेलपंत | मंगळवार, रात्री १०:४८

शेवटचं कळवतो. डिस्क आता मीटरभर केबलवर, टीव्हीच्या कपाटाच्या दुसऱ्या टोकाला. डिस्क चालू असताना वायफायवर: ३६, ३८, ३५, ३८, ३७. काल-आज दोन सिनेमे, मेण शून्य. कंट्रोलरही गुणी झालाय. डीएनएस परत आपोआपवर टाकला, त्यानेही काही बिघडलं नाही.

मुलगी विचारते, डिस्कला कोपऱ्यात उभं केलंय ते किती दिवस?

शंकासूर | मंगळवार, रात्री ११:०२

अभिनंदन. मी पण दोन वर्षं एमटीयू १४७३ वर आहे. परत १५०० करू का?

वायरमन | मंगळवार, रात्री ११:०९

ऑटोमॅटिक करा. काही जोडण्यांना १४९२ लागतो, तो त्याचा तो शोधू दे.

शंकासूर | मंगळवार, रात्री ११:१५

केलं. काहीच फरक नाही.

वायरमन | मंगळवार, रात्री ११:१६

तेच.